कादंबरीच्या पलीकडे

ऐतिहासिक कादंबरीने मराठी वाचकास इतिहासाची गोडी लावली, हे तिचे उपकार थोडे नव्हेत. परंतु गोडी लागल्यावर पुढे काय वाचावे? आमच्या मते दोन वाङ्मयप्रकार अद्याप उपेक्षित आहेत, आणि दोहोंतही मराठवाड्याने मोलाची भर घातली आहे.

पहिला प्रकार परभाषेतील साधनांच्या भाषांतराचा. हल्लीच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेना, खाफीखान यांचे फारसी वृत्तान्त मराठीत आणले. भीमसेन हा मोगलांचा चाकर. शत्रूच्या छावणीतून मराठे कसे दिसत, हे तेथे कळते.

दुसरा प्रकार चिकित्सक इतिहासनिबंधाचा. नांदेडचे प्राध्यापक नरहर कुरुंदकर यांची ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबरीस लाभलेली प्रस्तावना हा त्याचा उत्तम नमुना होय. शिवाजीमहाराजांच्या निधनानंतरही मराठे औरंगजेबाशी २७ वर्षे का झुंजू शकले, या प्रश्नातून ते महाराजांची थोरवी शोधतात. पुष्कळ वाचक मात्र नेमकी तीच पाने ओलांडून कथेकडे धाव घेतात!

कादंबरीकार रिकाम्या जागा कल्पनेने भरतो. तो त्याचा हक्कच आहे. त्या जागा कोणत्या, हे ओळखणे वाचकाचे काम. ते त्याने न केल्यास कल्पित संवादच पुढील पिढीचा इतिहास ठरतील.