क्रिस्तपुराण : ओवीने राखलेली मराठी

आपले पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला आले, ते मराठी मुखाने घेऊन आले. आरत्या, भजने, झाकरीची गाणी त्यांनी पुढच्या पिढ्यांना तोंडी शिकवली. अशी मुखातली मराठी कशी टिकते, हे आपल्याच कोकणकिनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती ग्रंथाकडून शिकण्यासारखे आहे.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्याआधी, १५६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. बाटलेल्या लोकांना जुन्या पोथ्या वाचण्याची मनाई होती. पण कानांना लागलेली पुराणाची सवय कशी सुटणार? जुन्या पुराणांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या, अशी मागणी एक ब्राह्मण पाद्रींकडे करतो, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच आहे. स्टीफन्स यांनी मग बायबलची कथा मराठी ओवीत रचली. दोन भाग, सुमारे ११,००० ओव्या. १६१६ साली हे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे आणि मराठीला फुलांमधल्या मोगरीची उपमा दिली आहे. धर्म बदलला तरी गोडी त्याच ओवीची राहिली.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण त्याच्या हस्तलिखित प्रती होत्या. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही हे पुराण जपले, वाचले, गायले. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्डाना यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढली.

परमुलखात गेलेल्या माणसांनी राखलेली ही मराठी आहे, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते. आपल्याकडे घरात क्रिओल बोलतात, मराठी उरते ती गणपतीपुढे. नातवंडे आरती बिनचूक म्हणतात, अर्थ विचारला की थांबतात. क्रिस्तपुराण गाणाऱ्यांनी ते गायले, तसे कोणीतरी बसून उतरवूनही काढले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यातली गाणी आपण अजून वहीत उतरवलेली नाहीत. या वर्षी प्रत्येक घराने एक तरी गाणे शब्दांसह, अर्थासह लिहून ठेवावे.