जात्याचा उखाणा

खालचा दगड जागचा हलत नाहीं, वरचा गरगर फिरतो. मूठभर दिलें तें खातो आणि चहूंकडे सांडतो. अशा अर्थाचा उखाणा पनवेलच्या आमच्या घरीं दिवेलागणीनंतर मुलांस घालीत. उत्तर माजघरांतच असे.

उखाणा म्हणजे पतीचें नांव घेण्याची ओळ, एवढाच अर्थ आज बहुतेकांच्या ध्यानीं येतो. पूर्वी कोडें हाही त्याचा रूढ अर्थ होता. दक्षिण कोंकणांत त्यासच हुमाण म्हणत. ही विद्या कांहीं आजीबाईंपुरतीच नव्हे. वात्स्यायनानें प्रहेलिका ६४ कलांत गणली. दंडीनें 'काव्यादर्शां'त तिचे १६ प्रकार सांगितले. पण पंडितांची प्रहेलिका शब्दांच्या गांठीवर उभी. कोश हाताशीं असल्यास ती आजही सुटते. घरगुती उखाणा सोडविण्यास ती वस्तु डोळ्यांखालून गेलेली लागते. गिरण्या आल्या, जातीं आणि उखळें अडगळींत गेलीं. प्रश्न तेवढे मागें राहिले.

गेल्या सुट्टींत तोच उखाणा आम्हीं नातवास घातला. "मिक्सर," तो म्हणाला. उत्तर अगदींच टाकाऊ नव्हे. पण दगड कोठें? मग त्यास परसांत नेलें. तेथें जात्याची वरची तळी पायरीस बसविलेली आहे. खुंट्याच्या भोंकांतली माती बोटानें उकरीत त्यानें विचारलें, "हें भोंक कशाचें?"