संत्र्याचा रंग, फलकावरची वेलांटी आणि बिघडणारे फोटो

मोबाइलचा कॅमेरा खिशात आल्यापासून फोटो काढणे सोपे झाले. तो नीट करणे मात्र तितके सोपे झालेले नाही. नागपूर जिल्ह्याच्या वायव्येला, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेल्या नरखेड तालुक्याचे उदाहरण घेतले, तर फोटो संपादनाची गरज कुठकुठे पडते हे सहज ध्यानात येते. संत्र्याच्या पेटीवरील लेबल, नोकरीच्या अर्जावरील छायाचित्र, चौकातील वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नाचा अल्बम आणि दिवंगत आजोबांची भिंतीवरील तसबीर ही सारी कामे आज एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर होतात. अॅडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. मोफत मिळणारे गिम्प १९९६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. थेट ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी त्यानंतरचे. यांपैकी कोणतेही वापरले तरी नवशिक्याच्या अडचणी बहुतेक त्याच असतात.

टूल चालतच नाही

ब्रश फिरवला तरी रंग उमटत नाही, खोडरबर काहीच खोडत नाही, ही पहिल्या आठवड्यातील हमखास तक्रार. सॉफ्टवेअर बिघडले असे समजून ते पुन्हा टाकण्यापर्यंत मजल जाते. प्रत्यक्षात फोटोच्या एखाद्या कोपऱ्यात लहानसे सिलेक्शन शिल्लक राहिलेले असते आणि त्याबाहेर काम करण्यास टूलला मज्जाव असतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि डी, तर गिम्पमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए या कळा एकत्र दाबल्या की सिलेक्शन सुटते. तेवढ्याने भागले नाही, तर लेयर पाहावा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. हात चालतो एका काचेवर आणि नजर असते दुसऱ्या काचेवरील चित्रावर, असा प्रकार वारंवार घडतो. ब्रशचे गोल वर्तुळ जाऊन बारीक फुली दिसू लागली, तर फोटोशॉपमध्ये त्याचे कारण बहुधा कॅप्स लॉक असते. एवढ्या क्षुल्लक कळीने तासभर डोके खाल्ल्याची उदाहरणे कमी नाहीत.

क्लोन स्टॅम्पने डाग पुसताना आधी ऑल्ट कळ दाबून स्वच्छ जागा नेमून द्यावी लागते (गिम्पमध्ये त्यासाठी कंट्रोल कळ आहे), हे माहीत नसल्याने ते टूलही निकामी वाटते. चूक मागे घेण्याचाही एक घोळ आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जाई आणि दुसऱ्यांदा दाबले की तेच पाऊल पुन्हा पुढे येई. आणखी मागे जाण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबावे लागे. ही रीत २०१८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत बदलली. जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर नवा व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याची फसगत होते ती अशी.

गिम्पमध्ये 'सेव्ह' केल्यावर जेपीजी मिळत नाही, एक्ससीएफ नावाची फाइल मिळते. ती व्हॉट्सअॅपवर पाठवली तर कोणालाच दिसत नाही. जेपीजीसाठी 'एक्स्पोर्ट' हा वेगळा पर्याय आहे.

केशरी रंगाची परीक्षा

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे निघतात. या दिवसांत फळांचे फोटो व्यापाऱ्यांपर्यंत आणि ग्राहकांपर्यंत जातात, आणि नेमका हाच रंग संपादनाची परीक्षा पाहणारा आहे. चौकट संत्र्यांनी भरून गेली की कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगव्यवस्था फसते. केशरी प्रकाशच जास्त आहे असे समजून ती फोटो निळसर करते. झाडाखाली पानांतून गाळून आलेला उजेड त्यात हिरवट झाक मिसळतो. मग नवशिका सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढतो. फळ भडक होते. पण लाल रंगाची पातळी कमाल मर्यादेला टेकते, सालीवरील बारीक खळगे नाहीसे होतात आणि संत्रे प्लास्टिकच्या चेंडूसारखे दिसू लागते. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स थोडे वाढवणे बरे. त्याहून बरे म्हणजे फोटो काढतानाच कडेला एक पांढरा कागद ठेवणे. नंतर लेव्हल्समधील मधल्या ड्रॉपरने त्या कागदावर क्लिक केले की सारे रंग ठिकाणावर येतात. कागद चौकटीबाहेर कापून टाकता येतो.

पडद्यावर मनासारखा दिसणारा केशरी रंग छापून आल्यावर मळकट का होतो, हा यापुढचा प्रश्न. त्यात छापखान्याचा दोष असतोच असे नाही. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. या चार शायांच्या आवाक्याबाहेर राहणाऱ्या रंगांत तेजस्वी केशरी अग्रभागी आहे. पॅन्टोन कंपनीने १९९४ मध्ये सहा शायांची जी पद्धत आणली, तिच्यात वाढवलेल्या दोन शायांपैकी एक केशरीच होती. साध्या लेबलाला ती चैन परवडत नाही. तेव्हा फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबून छपाईत रंग कसा उतरेल याचा अंदाज आधीच घ्यावा आणि एक नमुना प्रत छापून पाहावी.

फळावरील डाग पुसण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. तसा फोटो पाहून सौदा ठरला, तर गाडी रिकामी करताना होणारे भांडण कोणत्याही टूलने मिटत नाही.

पिक्सेल, इंच आणि केबी

आकाराचा गोंधळ सर्वांत महाग पडतो, कारण अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही. आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षांच्या सूचनापत्रकांत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असे माप दिलेले आढळते. इतर परीक्षांची मापे वेगळी असल्याने प्रत्येक वेळी सूचनापत्रक पाहणे आवश्यक ठरते. घाईत लांबी-रुंदीचा दुवा तोडून दोन्ही आकडे भरले जातात आणि उमेदवाराचा चेहरा दाबलेल्या पोळीसारखा होतो. आधी त्या प्रमाणात क्रॉप, नंतर पिक्सेल कमी करणे आणि शेवटी जेपीजीची गुणवत्ता कमी-जास्त करून केबी जुळवणे, हाच क्रम योग्य. फाइल किमान मर्यादेपेक्षा लहान झाली तरी ती नाकारली जाऊ शकते. पीएनजी फाइलच्या नावाची शेपटी बदलून जेपीजी लिहिल्याने फाइल बदलत नाही, हेही सांगायला हवे. अजून तसे करणारे भेटतात.

कागदावर छापायच्या फोटोचा हिशोब निराळा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो दर इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा, तर सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात आणि चार बाय सहा इंची कागदावर असे आठ फोटो बसतात.

फ्लेक्सवर हेच गणित उलटते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. दहा फूट फलकावर तो ताणला, तर इंचाला १३ ठिपके उरतात. दुरून पाहताना ते एक वेळ चालून जाते. पण सामूहिक फोटोतून जेमतेम १५० पिक्सेल रुंदीचा चेहरा कापून तो चार फूट केला, तर एकेक ठिपका आठ मिलिमीटरचा होतो. रिझोल्यूशनच्या चौकटीत ७२ पुसून ३०० लिहिल्याने नवा तपशील जन्माला येत नाही. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

वेलांटीचा प्रवास

मराठी मजकुराची अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर पाहायला हवी. फोटोशॉपमध्ये 'हार्दिक' लिहावे आणि ऱ्हस्व वेलांटी 'द'च्या पलीकडे जावी, रफार सुटून 'र'चा पाय मोडावा, हा अनुभव मराठीत काम करणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. युनिकोडमध्ये आधी व्यंजन आणि मग वेलांटी साठवली जाते. दिसताना मात्र ती व्यंजनाच्या आधी दिसायला हवी. ही मांडामांड करणारी यंत्रणा फोटोशॉपच्या नेहमीच्या आवृत्त्यांत दीर्घकाळ नव्हती. म्हणून श्रीलिपीसारखी पॅकेजेस आणि रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणारे फॉन्ट रुजले. त्यांनी मराठी डीटीपी तगवले, हे मान्यच करावे लागेल. पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर, जिथे तो फॉन्ट नाही तिथे, उघडली की शुभेच्छांच्या जागी रोमन अक्षरांचा पाचोळा दिसतो.

फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधील टाइप विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय असतो. तो निवडावा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे आणि नवी फाइल घ्यावी. एवढ्यावर वेलांटी जागेवर येते. जुन्या फाइलमधील मजकुरासाठी पॅराग्राफच्या पटलातूनही वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. गिम्पमध्ये हा त्रास नाही. युनिकोड फॉन्टसाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे मोफत फॉन्ट उपलब्ध आहेत. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' पाहून घ्यावेत. अनेक फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात. छपाईला देताना मजकुराचे चित्रात रूपांतर करणे सुरक्षित खरे, पण रूपांतर न केलेली एक प्रत जपून ठेवावी. आडनावातील चूक छपाईच्या आदल्या रात्रीच सापडते.

जुना फोटो

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. पूर सोसलेल्या घरात एखाद्या माणसाचा एकच फोटो उरलेला असू शकतो, आणि असा ओल धरलेला फोटो नवशिक्याच्या हाती येणे अवघड नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नये. काचेसकट स्कॅन करावा. लहान फोटो किमान ६०० डीपीआयने, आणि कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करणे फायद्याचे, कारण पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वाधिक गडद आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके दिसतात. लाल चॅनेल घेऊन काम सुरू केले की निम्मे डाग आपोआप मागे पडतात. दुरुस्ती नेहमी वेगळ्या लेयरवर आणि चेहऱ्याला शेवटी हात लावून करावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने एका क्लिकमध्ये अंधूक चेहरा लख्ख करतात. फोटोशॉपमध्येही २०२३ पासून चित्राचा भाग नव्याने निर्माण करण्याची सोय आली. फाटलेला पडदा किंवा कोपऱ्यातील भिंत भरायला ती उत्तम आहे. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र ती हरवलेला तपशील परत आणत नाही. असंख्य इतर चेहऱ्यांवरून नवा रचते. नाक सुबक होते, डोळे सारखे होतात आणि तसबिरीत भलताच माणूस येऊन बसतो. ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिले आहे अशा कुणाला तरी प्रत दाखवूनच ती मोठी करावी.

अशा कामाच्या तीन फाइली असाव्यात: हात न लावलेला स्कॅन टिफमध्ये, लेयरसह पीएसडी किंवा एक्ससीएफ आणि छपाईसाठी जेपीजी. जेपीजी दर वेळी सेव्ह होताना थोडा तपशील गमावते, म्हणून पुढील दुरुस्ती तिच्यावर न करता लेयर असलेल्या फाइलवर करावी.