सी ड्राईव्हचा सातबारा

रिकामा माळा असलेले घर मी आजवर पाहिलेले नाही. आमच्या अमरावतीच्या घराच्या माळ्यावर फुटक्या छत्र्या, तीन कंदील, एक पाळणा आणि बाबांच्या तलाठीपणाच्या काळातले कागदांचे गठ्ठे आहेत. तेव्हा घरातल्या संगणकाची डिस्क भरली, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल एवढेच, की रविवारी रिकामी केलेली डिस्क पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा तुडुंब भरलेली असे. माळा निदान दिवाळीपर्यंत तरी दम धरतो.

प्रकरण चव्हाट्यावर आले ते चिरंजीवांच्या प्रवेशअर्जामुळे. शेवटची तारीख, रात्रीचे दहा वाजलेले, आणि संगणक म्हणतो, जागा शिल्लक नाही! अर्ज कसाबसा शेजाऱ्यांकडे जाऊन भरला आणि परत येताच घरात चौकशी समिती बसली. हिचे म्हणणे, पोराचे खेळ. पोराचे म्हणणे, आईच्या मालिका. मी पडलो बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला असे रोज अप-डाऊन करणारा बँकेतला कारकून. दिवसभर घरातच नसतो, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला वावच नव्हता. समितीचे अध्यक्षपद साहजिकच माझ्याकडे आले.

मी कॉमर्सचा. आधी आरंभीची शिल्लक पाहिली. डिस्कच्या खोक्यावर छापले होते ५०० जीबी आणि संगणक दाखवीत होता ४६५. म्हणजे पहिल्याच ओळीत पस्तीसची तूट! कापसाच्या काट्यावर मापातले पाप शोधण्यात वऱ्हाडातल्या चार पिढ्या गेल्या आहेत, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या. पण इथे काटा मारलेला नव्हता. विकणारा हजार-हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ च्या हिशेबाने. डिस्क तीच, शेर वेगळे.

नोकरदार माणूस अडचणीत आला की जुनी परिपत्रके काढतो. मीही काढली. हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीच्या रॅमॅक नावाच्या संगणकाला जोडलेले ते एक कपाट होते. आत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचे काय, तर पन्नास लाख अक्षरे. आजच्या मोबाइलवर काढलेला बारशाचा एक धड फोटो त्या कपाटात बसला नसता; पाळण्यातले बाळ बसले असते, पण बाळाची मावशी बाहेर राहिली असती. जागेची एवढी टंचाई, की त्या काळातले लोक सालसुद्धा पुरते लिहीत नसत. १९७१ ऐवजी नुसते ७१. दोन अक्षरांची बचत! त्या बचतीचे बिल सबंध जगाला २००० साल उजाडताना चुकवावे लागले. आमचे ज्येष्ठ सहकारी ती रात्र शाखेत कशी जागून काढली हे अजून सांगतात, आणि दर खेपेला त्यात चहाचा एक कप वाढतो.

आणि हो, डिस्कला ‘सी’ का म्हणतात, हे कोडेही उलगडले. घरगुती संगणकात आधी फ्लॉपीच असत, त्यांनी ए आणि बी ही नावे घेऊन टाकली होती. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क बसवूनच मिळू लागली, तिच्या वाट्याला सी आले. फ्लॉप्या वारल्या. धाकटी मात्र अजून सीच. मोठ्या जावांच्या खोल्या रिकाम्या पडल्या तरी तिकडे न सरकणारी अशी धाकटी सून मी दुसरी पाहिली नाही.

पण माझे मन जडले ते १९९० सालावर. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क आणि ती वापरणारे चौदा जण. ती सारखी भरायची, आणि कोण किती जागा अडवून बसला आहे ते कळायचे नाही. चौदा माणसे आणि एक कोठी म्हटले की आपल्याकडे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. दोन भाऊ वेगळे निघतात आणि तिसरा कोर्टात जातो. प्राध्यापक शहाणे. त्यांनी कोणाला बोल लावला नाही, वाटणीचा नकाशा काढला. सगळी डिस्क म्हणजे एक मोठा चौकोन. प्रत्येकाच्या फायली जेवढ्या, तेवढ्या आकाराचा त्याचा तुकडा. त्या तुकड्यात पुन्हा पोटतुकडे. ब्रायन जॉन्सन या त्यांच्या विद्यार्थ्याने त्याचा प्रोग्रॅम लिहिला. आता एका नजरेत दिसू लागले, की कोणाची जमीन किती. त्या नकाशाला ‘ट्रीमॅप’ म्हणतात आणि पुढे तो शेअरबाजारापासून बातम्यांपर्यंत कुठे कुठे जाऊन बसला. मूळ भांडण मात्र आमच्या घरातलेच.

असा नकाशा काढणारा एक फुकट प्रोग्रॅम घेऊन माझा अकोल्याचा भाचा शनिवारी माझ्याबरोबर गाडीने अमरावतीला आला. त्याने तो चालवला आणि पडदा लाल, हिरव्या, निळ्या तुकड्यांनी भरून गेला. आम्ही सगळे बघतच राहिलो. तेवढ्यात मागून बाबांनी चष्मा पुसला.

“हे कोन्या गावचं शिवार होय रे?”

तीस वर्षे गटनकाशे वाचलेला माणूस! त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समितीचे अध्यक्षपद माझ्या हातून गेले.

“हा पडीत तुकडा कोनाचा?”

भाच्याने सांगितले, तीन जीबीची फाईल आहे. यंत्राला गाढ झोप लागते तेव्हा डोक्यातले सगळे ते तिथे उतरवून ठेवते. बाजूला प्रणालीची जुनी आवृत्ती. नवी जमली नाही तर परत जाता यावे म्हणून काही दिवस राखलेली. त्याच्यापलीकडे कामापुरत्या काढलेल्या आणि काम झाल्यावर कोणी न उचललेल्या फायली. बाबांनी मान हलवली. “हे अतिक्रमन होय. काढ.” पोराचे खेळ निघाले, एक बांधावरची पट्टी. हिच्या मालिका, विहिरीएवढ्या.

“आन् हा अर्ध्या शिवाराचा मालक कोन?”

भाच्याने त्यावर बाण नेला. फोल्डराचे नाव झळकले: ‘मोबाइल बॅकअप’. आत अकरा फोल्डर, प्रत्येकी बावीस जीबी. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘फायनल’, ‘खरे फायनल’ आणि असेच पुढे. दोनशे बेचाळीस जीबी! हस्ताक्षर नसले तरी भाषा माझी होती. दर रविवारी डिस्क रिकामी झाली की न जाणो म्हणून मी सबंध मोबाइल पुन्हा उतरवून घेत असे. ही काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जड गेले.

मी बचावाला नियम काढला. बँकांची कागदपत्रे किती काळ जपायची याचे १९८५ सालचे नियम आहेत, काहींना पाच वर्षे, काहींना आठ. “पण अकरा प्रती कोन्या नियमात हायेत?” बाबांनी विचारले. माळ्यावर गठ्ठे चढवलेल्या माणसाने हे विचारावे! पण प्रसंग उत्तर देण्याचा नव्हता.

ठरले असे, की शेवटची प्रत ठेवायची आणि आधीच्या दहा उडवायच्या. भाच्याचे बोट बटणावर गेले.

“थांब,” बाबा म्हणाले. “जुना फेरफार पाह्यल्याबिगर नवा धरायचा नाही. सगळ्यात जुनी वही काढ.”

सगळ्यात जुनी ‘नवीन’ होती. ती उघडली. फोटो तेच. मग एका कोपऱ्यात आवाजी निरोपांची यादी निघाली, जी पुढच्या एकाही प्रतीत नव्हती. मधे माझा हँडसेट बदलला होता आणि ते जुन्यातच राहिले होते. भाच्याने सहज एक लावला.

“पोचला काय रे बाबू? डबा खाल्ला काय?”

आई जाऊन तीन वर्षे झाली. मी अकोल्याला उतरलो की रोज हा निरोप यायचा. बहुतेकांना मी उत्तर दिले नव्हते. काऊंटरवर गर्दी असते.

भाच्याने न विचारताच बोट काढून घेतले. एकशे ऐंशी निरोप होते. मी आकडेमोड केली, दुसरे काही सुचेना म्हणून. सगळे मिळून तीन एमबी आणि थोडे. १९५६ च्या त्या कपाटात बसले असते.

“नकाशात कुठी हाय हे?” बाबांनी विचारले. भाच्याने शोधून दाखवले. ठिपकाही धड दिसत नव्हता. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी दिसेना.

ते निरोप वेगळे काढले, एक प्रत भाच्याच्या पेनड्राईव्हवर आणि एक हिच्या मोबाइलमध्ये ठेवली. मग दहा प्रती उडवल्या. दोनशे वीस जीबी मोकळे झाले, लाल पट्टी निळी झाली, चिरंजीवांनी लगेच एक नवा खेळ उतरवायला घेतला.

बाबा मात्र खुर्चीतून उठले नाहीत. “तो पुन्हा लाव,” म्हणाले.

लावला.

“पोचला काय रे बाबू?”

“पोचला, पोचला,” बाबा पडद्याला म्हणाले.