कुणपजलातून गाळलेले

गेल्या वर्षी एका कृषिप्रदर्शनात मी ‘कुणपजला’ची बाटली विकत घेतली. तुळस, पुदिना, गवती चहा अशा वनस्पतींसाठी. बाटलीवर छापले होते, ‘प्राचीन, शुद्ध शाकाहारी’. माझे संस्कृत शाळेपुरते. पुढचे सारे कोशाच्या आधाराने. पण ‘कुणप’ म्हणजे प्रेत, एवढे कोशातच सापडते. मग हे शाकाहारी प्रेत कसले?

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडावेलींना फुले-फळे यावीत म्हणून एक मिश्रण सांगितले आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची भुकटी, तीळ, सातूचे पीठ, पाणी आणि गोमांस, हे सात रात्री भिजवायचे. इसवी सन १००० च्या सुमारास सुरपालाने ‘वृक्षायुर्वेद’ हा स्वतंत्र ग्रंथच रचला. त्याच्या कुणपजलात डुकराची विष्ठा, मांस, रक्त येते. मासे, मेंढा, बोकड यांची चरबी आणि मज्जा येते. ते पाण्यात शिजवून त्यात भुसा, तिळाची पेंड, मध, भिजवलेले उडीद घालायचे आणि उबेला ठेवायचे.

या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. वाय. एल. नेने यांनी तिची प्रत मिळवली, डॉ. नलिनी साधले यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि १९९६ मध्ये एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने तो प्रसिद्ध केला. नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ, भातावरचा ‘खैरा’ जस्ताच्या कमतरतेने होतो, हे त्यांनीच दाखवले होते.

कुणपजलात चमत्कार नाही. शिजवल्या-कुजवल्याने प्रथिने फुटतात, त्यांची अमिनो आम्ले होतात आणि नत्र मुळांना लवकर मिळतो. आजची मासळीच्या अर्काची द्रवखते याच तत्त्वावर चालतात. मांस वगळून शेण, गोमूत्र, पेंड, डाळीचे पीठ आणि हिरवा पाला कुजवला, तरी प्रथिने मिळतातच. मी गच्चीत तेच वापरतो, भरपूर पाणी घालून, फक्त मुळाशी. पाने कच्ची खायची असतात. एकदा हात सैल सुटला. तुळस माजली, पाने मोठी झाली, पण गंध उतरला. नत्र जास्त झाला की सुगंधी वनस्पतींचे असेच होते.

तेव्हा माझी तक्रार त्या द्रवाबद्दल नाही, बाटलीवरच्या अक्षरांबद्दल आहे. कृती बदलायला हरकत नाही. वराहमिहिराची कृती सुरपालापर्यंत येता येता बदललीच होती. पण बदललेल्यालाच प्राचीन म्हटले, की जुन्या कृतीतले जिन्नस तेवढे पुसले जात नाहीत. ती विष्ठा, ते रक्त, ती चरबी कोणीतरी हातांनी गोळा केली होती. पोथीत त्या माणसांची नावे नाहीत, फक्त त्यांच्या कामाची खूण उरली आहे. लेबल तीही गाळून टाकते.