स्कूबी अपोकॅलिप्स, अंक १

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या मासिक चित्रकथामालिकेचा पहिला अंक. प्रकाशन मे २०१६. लेखन कीथ गिफेन व जे. एम. डिमॅटेइस यांचे, चित्रे हॉवर्ड पोर्टर यांची. मूळ कल्पना आणि पात्रांची नवी रूपे जिम ली यांची. हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओची जुनी पात्रे मोठ्या वाचकांसाठी नव्याने उभी करण्याचा घाट डीसीने त्या वर्षी घातला होता. ‘द फ्लिंटस्टोन्स’, ‘फ्यूचर क्वेस्ट’ आणि ‘वॅकी रेसलँड’ याही त्यातल्याच.

जो रूबी आणि केन स्पीअर्स यांची ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ ही कार्टून मालिका सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ पासून सुरू झाली. चार तरुण, एक भित्रा व खादाड ग्रेट डेन कुत्रा आणि ‘मिस्टरी मशीन’ नावाची फुलाफुलांची गाडी एवढा तिचा संसार. भुताचा मुखवटा ओढला की आतून कुणीतरी लबाड माणूस निघे आणि त्याचे बिंग फुटे. लहान मुले ती बिनधास्त पाहत ती याच खात्रीवर. प्रस्तुत अंकाने नेमकी तीच काढून घेतली: इथले राक्षस खरे आहेत, आणि मुखवटा नसल्याने ओढायलाही काही नाही.

त्या चार तरुणांपैकी वेल्मा डिंकली ही इथे एका गुप्त प्रकल्पातली शास्त्रज्ञ. माणसातली हाव आणि हिंसा काढून टाकण्यासाठी जगभर अतिसूक्ष्म यंत्रे सोडायची, असा तो प्रकल्प. कुठेतरी पाणी मुरते आहे हे कळल्यावर ती नेवाडाच्या वाळवंटातील ‘ब्लेझिंग मॅन’ या उत्सवात डॅफ्नी ब्लेक या टीव्ही पत्रकार आणि तिचा कॅमेरामन फ्रेड यांना गाठते. शॅगी त्याच प्रकल्पात कुत्र्यांना शिकवणारा. स्कूबी हा ‘हुशार कुत्रे’ घडवण्याचा फसलेला नमुना. ही मंडळी बंदिस्त खोलीत असल्याने वाचतात. बाहेर मात्र रोगापेक्षा औषध जालीम ठरते आणि माणसांचे राक्षस होतात.

पोर्टर यांच्या चित्रांत शॅगीला गोंदण आणि पीळदार मिशा आहेत. स्कूबीच्या डोळ्यांवरच्या यंत्रातून इमोजी उमटतात, त्यामुळे त्याचे तुटक बोलणे समजायला सोपे जाते. तरीही पहिल्या अंकाची बरीच पाने तयारीतच खर्ची पडतात. प्रलय येईपर्यंत वाचकाला वेल्मा-डॅफ्नीच्या शाब्दिक चकमकींवर गुजराण करावी लागते. ती कंटाळवाणी होत नाही, कारण असे चुरचुरीत संवाद हा गिफेन-डिमॅटेइस जोडीचा हातखंडा; १९८७ पासूनच्या ‘जस्टिस लीग’च्या अंकांमुळे त्यांचे नाव झाले होते.

पुढे मालिका बरीच कठोर झाली. फ्रेडचा मृत्यू झाला, आणि टीव्हीवर अनेक चाहत्यांना नकोसा झालेला स्क्रॅपी हा स्कूबीचा पिटुकला भाचा इथे खलनायक म्हणून परतला. ३६ अंकांनंतर २०१९ मध्ये मालिका बंद झाली.