बुलढाण्याचा इतिहास कोणत्या नावाखाली शोधावा?

बुलढाणा जिल्ह्यातील बौद्धांच्या इतिहासावर जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यातील बरेचसे स्मरणिका, गौरवग्रंथ आणि जयंती उत्सवानिमित्त निघालेल्या पुस्तिका यांतील आहे. त्यामागील श्रद्धा निःसंशय आहे. परंतु एका पुस्तिकेतील विधान दुसरीत, दुसरीतील तिसरीत असे उतरत जाते आणि मूळ आधार कोणता, हे शेवटी कोणासही सांगता येत नाही. धम्मदीक्षेच्या वेळी प्रौढ असलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. पूर्वी मूळ साधनांसाठी नागपूर, मुंबई, दिल्ली, प्रसंगी लंडन गाठावे लागे, आणि मेहकर वा संग्रामपूर येथील शिक्षकास ते परवडणारे नव्हते. आज त्यांतील पुष्कळसा भाग इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. तरीही तो आपल्याकडे फारसा वापरला जात नाही. ही साधने कोणत्या नावाखाली ठेवलेली आहेत याची माहिती नसणे, हे आमच्या मते त्याचे मुख्य कारण होय.

‘महाराष्ट्र’ आणि ‘बुलढाणा’ हे दोन शब्द घालून शोध घेणाऱ्यास जुने काहीच सापडत नाही, यात नवल नाही. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतरच्या अर्धशतकातील कागद ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने शोधावे लागतात. ए. सी. लायल यांनी संपादित केलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर याच नावाने निघाले. १९०२ च्या करारानंतर, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला, म्हणून ए. ई. नेल्सन यांचे १९१० चे बुलढाणा गॅझेटियर मध्य प्रांताच्या मालिकेत आहे. त्यातही एक मेख आहे. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. खामगावच्या कापूसपेठेतील मजुरांची एकोणिसाव्या शतकातील माहिती बुलढाण्याच्या अहवालात मिळत नाही, ती अकोल्याच्या अहवालात पाहावी लागते. शिवाय जुन्या इंग्रजी कागदांत जिल्ह्याचे नाव ‘एच’ हे अक्षर वगळून लिहिलेले असते. एवढ्या एका अक्षरामुळे यंत्र अभ्यासकास रिकाम्या हाताने परत पाठविते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’, शिकागो विद्यापीठाचे दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालय (इंपीरियल गॅझेटियर तेथेच आहे), पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा संग्रह आणि इंटरनेट आर्काइव्ह या ठिकाणी जुनी नावे व जुनी वर्णलेखने घालून शोध घ्यावा, म्हणजे चित्र पालटते.

या स्थानांतराचा सर्वाधिक परिणाम नेमका आपल्या इतिहासाच्या निर्णायक काळावर झाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मचक्र प्रवर्तन झाले, तेव्हा नागपूर आणि बुलढाणा ही दोन्ही जुन्या मध्य प्रदेशात होती. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. परिणामी १९५१ ची बुलढाण्याची जनगणना पुस्तिका मध्य प्रदेशाच्या मालिकेत आणि १९६१ ची महाराष्ट्राच्या मालिकेत शोधावी लागते. जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात जुन्या खंडांच्या प्रतिमा ठेवल्या आहेत. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्धांची नोंद २,४८७ होती, ती १९६१ साली २७,८९,५०१ झाली, हे आकडे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जातात. आपल्या तालुक्याचा आकडा मात्र क्वचितच कोणी उघडून पाहिलेला असतो.

तो पाहतानाही सावधगिरी हवी. १९६१ च्या तक्त्यांत अनुसूचित जातींची संख्या घटलेली दिसली, तर ती माणसे गाव सोडून गेली असा अर्थ काढू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा त्या वेळी हिंदूंपुरता, व १९५६ पासून शिखांपुरताही, मर्यादित होता. बौद्ध म्हणून नोंद करणारा मनुष्य त्या रकान्यातून आपोआप बाहेर पडत असे. ही स्थिती १९९० च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. ज्यांच्या पदरी शिष्यवृत्तीवर शिकणारी मुले होती, त्यांनी प्रगणकासमोर ‘बौद्ध’ असे सांगताना काय पणाला लावले होते, हे या दोन रकान्यांच्या तुलनेतून विद्यार्थ्यास जितके स्पष्ट कळते, तितके आमच्या मते कोणत्याही भाषणातून कळत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या साहित्याबाबत आपण अधिक भाग्यवान आहोत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले, वसंत मून यांच्या संपादनाने आरंभ झालेले इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. कोलंबिया विद्यापीठाने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची इंग्रजी संहिता वाचकांसाठी खुली केली आहे. संविधान सभेतील चर्चा, ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून, दिनांकवार वाचता येतात.

परंतु येथेही स्थलाचे भान सुटता कामा नये. महार वतनासंबंधी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात केलेली भाषणे दुसऱ्या खंडात आहेत. ती वर्गात वाचून दाखवून बुलढाण्यातील गावकामगार महाराची स्थिती समजावून देण्याचा प्रघात आहे. ती भाषणे ज्या १८७४ च्या मुंबई कायद्याविषयी आहेत, तो कायदा वऱ्हाडास लागूच नव्हता. राबणूक तीच, अपमान तोच. कायद्याची चौकट मात्र निराळी. तेव्हा आपल्या आजोबांच्या हक्कांचा व बलुत्याचा प्रश्न वऱ्हाडच्या महसुली कागदांतून पाहावा लागेल. हे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते जिल्ह्यातील एखाद्या तरुण अभ्यासकाने हाती घ्यावे इतके महत्त्वाचे आहे.

तसेच, छापील भाषण आणि प्रत्यक्ष उच्चारलेले भाषण यांत वार्ताहराची लेखणी उभी असते. पालीच्या विद्यार्थ्यास हे नवे नाही; प्रत्येक सुत्ताच्या आरंभी ते ऐकले असल्याची ग्वाही दिलेली असते. ‘महापरिनिब्बान सुत्ता’त भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेस सांगितले. कोणी म्हणेल की हे मी प्रत्यक्ष बुद्धांकडून ऐकले, कोणी म्हणेल संघाकडून, कोणी म्हणेल बहुश्रुत थेरांकडून, कोणी म्हणेल एका थेराकडून. त्याचे म्हणणे लगेच स्वीकारू नये, लगेच झिडकारूही नये, सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. इतिहासाची साधने तपासण्याची याहून नेमकी पद्धती आम्हास ठाऊक नाही. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ आज कोणीही उघडू शकतो. त्यातील महारांवरील प्रकरण वाचून संताप येतो आणि ग्रंथ मिटवावासा वाटतो. तो मिटवू नये. त्यात चालीरीती व व्यवसाय यांची माहिती आहे, आणि ती कोणी, कोणास विचारून लिहिली हा प्रश्नही आहे. महार स्वतः काय म्हणत होते, हे ज्यास पाहावयाचे आहे त्याने तो ग्रंथ १९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ यांच्या शेजारी ठेवून वाचावा.

प्राचीन काळासाठी संपूर्ण छट्ठ संगायन तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीतही उपलब्ध करून दिले आहे. पाली टेक्स्ट सोसायटीचा शब्दकोश शिकागोच्या वर उल्लेखिलेल्या ग्रंथालयात आहे. ब्रह्मी परंपरेचा पाठ आणि सोसायटीचा रोमन पाठ यांत भेद असल्याने अवतरण देताना आवृत्ती नमूद करावी, एवढेच येथे पुरे. वाकाटकांचे लेख, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील मंत्री वराहदेवाच्या लेखासह, वा. वि. मिराशी यांच्या १९६३ च्या खंडात आहेत.

मात्र जिल्ह्यातील सर्वांत जवळचे साधन कोणत्याही पडद्यावर पूर्णपणे मावणारे नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या आरंभी केलेल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली ते स्थळ जाण्याची भीती तेव्हापासून व्यक्त होत आली आहे. भोनवरील शोधनिबंध वर्गात वाचून मुलांना एकदा तेथे नेणे, यास आम्ही अध्यापनाचाच भाग समजतो.

अध्यापनासंबंधी आमची सूचना साधी आहे. एका तासास एकच कागद घ्यावा. त्याची छापील प्रत काढावी, कारण वीज आणि जोडणी यांचा भरवसा नसतो. विद्यार्थ्यांना प्रथम लेखक, दिनांक आणि तो कोणासाठी लिहिला गेला हे शोधू द्यावे; अर्थ नंतर. विहारातील रविवारच्या वर्गातही हे सहज जमण्यासारखे आहे.

आणि जे कोठल्याच संग्रहात नाही, ते घरोघरच्या पेट्यांत आहे: परिषदांची निमंत्रणे, वर्गणीच्या पावत्या, समता सैनिक दलाचे बिल्ले, ‘प्रबुद्ध भारत’चे सुटे अंक, दीक्षेच्या वर्षाची छायाचित्रे. अशा कागदांवर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये. त्याची उष्णता व गोंद जुन्या कागदास कायमची हानी करतात. दिवसाच्या सावलीतील उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि कागद कोणाकडे, कोणत्या गावी, केव्हा पाहिला हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. छायाचित्राची मागची बाजू विसरू नये. स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असल्यास पुष्कळदा तेथेच सापडते.